सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

या महिन्याची पत्रं वाचायला बसलो तर निम्म्याहून जास्त पत्रांत तेच वाक्य: 'सेल्फ मस्त फिरतो, पण गाडी पकडत नाही.' चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' वाजून गप्प बसणारी गाडी वेगळी. ती बॅटरी, टर्मिनल नाहीतर सेल्फ (इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर) यांची भानगड असते आणि त्यावर मागे लिहून झालंय. आज फक्त सेल्फ फिरणाऱ्या गाड्या घेतो. पहिलं पत्र लांब आहे. त्याचं उत्तरही लांबणार आहे, कारण त्यासाठी मी एका शनिवारचं गॅरेज अर्ध्यावर सोडलं.

प्रश्न : दादा, नमस्कार. माझी २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, नंतर सीएनजी किट बसवून घेतलेली. राहते कासारवडवलीला, शाळा नौपाड्यात. गेले अडीच महिने घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मधेच बंद पडते. आचके वगैरे काही नाही, कुणीतरी हात घालून चावी फिरवावी तशी गपकन बंद. मग सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. सकाळी घरून निघताना एकदाही त्रास नाही. आतापर्यंत बॅटरी (४,५०० रुपये), प्लग (९००), टाकीतला पंप (६,८००) बदलून झाला, इंजेक्टर साफ केले (१,५००). दोन ठिकाणी स्कॅनर लावला, फॉल्ट काही नाही म्हणाले. आता तिसरे मेकॅनिक कॉम्प्युटर बदलायचा म्हणतात, २२ हजार. परवा मानपाड्याच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. गाडी विकून टाकू का?
एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : ताई, विकू नका. गिऱ्हाईक चाचणीला घेऊन जाईल, माजिवड्याला अडकेल आणि तुम्हालाच फोन करेल.

तुमच्या पत्रात रोग तुम्हीच लिहून दिलाय, फक्त तो १३,७०० रुपयांच्या पार्टच्या यादीखाली दबला गेलाय. 'कुणीतरी हात घालून चावी फिरवावी तशी' हे वाक्य मी दोनदा वाचलं. पेट्रोल कमी पडून गाडी बंद पडते तेव्हा ती आधी कुरकुरते. आचके देते, ओढ कमी होते, पाय दाबला तरी पुढे सरकत नाही, आणि मग दम तोडते. विजेचं काही तुटलं की गाडी निरोप न घेता जाते. दिवा मालवावा तशी. म्हणजे पहिल्याच मेकॅनिकने तुम्हाला 'बंद कशी पडली?' असं विचारलं असतं तर पंपाचे ६,८०० वाचले असते.

दुसरा प्रश्न मी तुम्हाला फोनवर विचारला, आणि तो अडीच महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. बंद पडली तेव्हा गाडी कशावर चालली होती, पेट्रोलवर की गॅसवर? तुम्ही म्हणालात, 'गॅसवरच असते हो, पेट्रोल फक्त सकाळी चालू करण्यापुरतं.' आता सांगा, गॅसवर धावणारी गाडी पेट्रोलच्या पंपामुळे बंद कशी पडेल? पंप बिचारा त्या वेळी गुन्ह्याच्या जागेवरच नव्हता.

तरी त्या मेकॅनिकला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याने पंपावर संशय का घेतला ते मला कळतं, आणि ते वाचकांनीही समजून घ्यावं, कारण या दुखण्यात चांगली चांगली माणसं इथेच फसतात.

इंजिन चालू व्हायला हवा-पेट्रोलचं मिश्रण लागतं, सिलिंडरमध्ये त्याला दाबणारं कॉम्प्रेशन लागतं, ते पेटवायला प्लगला करंट लागतो आणि हे सगळं नेमक्या वेळेला व्हावं लागतं. ही वेळ गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढा तुकडा, आत चुंबक आणि बारीक तारेची गुंडाळी. फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) नाहीतर पुढच्या पुलीच्या दात्यांसमोर जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवून तो बसलेला असतो. पुष्कळ गाड्यांत या चाकाला ६० दात्यांची जागा असते आणि त्यांतले २ मुद्दाम गाळलेले असतात. ती रिकामी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते कळतं.

सेन्सर मुका झाला तर काय होतं? कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. सेल्फ घरघर फिरवत असला तरी त्याला काही ऐकू येत नाही. मग तो प्लगला करंट पुरवणाऱ्या कॉइलला चालवत नाही, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडत नाही, आणि चावी लावल्यावर दोनेक सेकंद चालवलेला पेट्रोलचा पंपही पुन्हा चालू करत नाही. अपघातात पाइप फुटला तर पंपाने पेट्रोल सांडत बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. गॅस किटसुद्धा इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही की गॅसचा व्हॉल्व्ह बंद करते. आता मेकॅनिक येतो, सेल्फ मारायला लावून टाकीपाशी कान लावतो. पंप गप्प. प्लग काढून बघतो, करंट नाही. ज्याच्या हाताला पहिल्यांदा पंप लागला तो पंप बदलतो, ज्याच्या हाताला प्लग लागला तो प्लग बदलतो. ज्याला दोन्ही मेलेले दिसले त्याने कॉम्प्युटर सांगितला. तिघांनीही जे पाहिलं ते खरंच होतं. पंप आणि करंट एकाच वेळी कुणामुळे गेले हे मात्र शोधायचं राहून गेलं.

आता शनिवारची गोष्ट. गाडी थंड असताना बघण्यात अर्थ नव्हता, ती तेव्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून दुपारी चारला वागळे इस्टेटहून ताई गाडी चालवत, मी शेजारी, माझा मुलगा मागे स्कॅनर मांडीवर घेऊन, असे निघालो. एसी लावला. कापूरबावडी, मानपाडा, गायमुखपर्यंत जाऊन वळलो. गाडीने काही दाद दिली नाही. ताईंना वाटलं आता आपणच खोटे पडणार. गाड्यांचा हा स्वभावच आहे, डॉक्टरांसमोर खोकला थांबावा तसा. पण पातलीपाड्याच्या अलीकडे मेट्रोच्या खांबांजवळ वीस मिनिटं इंच इंच सरकलो आणि ती गेली. गपकन. हजार्ड लावून तिघांनी मिळून डाव्या कडेला घेतली.

मी ताईंना म्हटलं, 'सेल्फ मारा, आणि पुढे रस्त्याकडे बघू नका, आरपीएमच्या काट्याकडे बघा.' सेल्फ फिरला, काटा शून्यावर मेल्यासारखा पडून. चांगल्या गाडीत सेल्फ फिरताना हा काटा थोडासा उचलतो, दोन-अडीचशेवर थरथरतो. मुलाने स्कॅनरवर चालू आकडे लावले होते, तिथेही आरपीएम शून्य. मी मागच्या सीटला कान लावून बसलो. चावी लावल्यावर पंप 'झ्झ्झ' करून दोन सेकंदांत थांबला आणि सेल्फ मारल्यावर गप्पच राहिला. बॅटरी सेल्फच्या भारावर १०.६ व्होल्ट धरून होती, म्हणजे तिची तक्रार नाही.

स्कॅनरवर फॉल्ट तेव्हाही आला नाही बरं का. पुष्कळ गाड्यांत असंच होतं. सिग्नल नाही म्हणजे इंजिन थांबलंय, आणि थांबलेल्या इंजिनाचा सिग्नल न येणं हा काही फॉल्ट नाही, असा कॉम्प्युटरचा सरळ हिशेब. स्कॅनर 'नो फॉल्ट' म्हणतो तेव्हा 'मला कुणी काही सांगितलं नाही' इतकाच त्याचा अर्थ. चालू आकडे बघायचे कष्ट आपणच घ्यायचे.

या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या घराजवळ आहे. त्याचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून मल्टिमीटर लावला तर ओपन. म्हणजे आतली तार कुठेतरी तुटलेली. मग ताईंची शाळेची स्टीलची बाटली मागून घेतली, फडकं भिजवलं आणि सेन्सरवर लपेटलं. तीन वेळा फडकं बदललं. चौथ्या मिनिटाला मीटरवर आकडा उगवला, ८७० ओहम. कपलर लावला, 'मारा' म्हटलं. काटा हलला आणि दुसऱ्या फेऱ्याला गाडी चालू. ताई गाडीतून उतरून बोनेटपाशी आल्या आणि म्हणाल्या, 'ओल्या फडक्याने?' मी म्हटलं, ताप आला की आपण घड्या ठेवतोच की.

गरम झाला की आतली तार फुगून तुटलेली टोकं सुटतात, गार झाला की पुन्हा टेकतात. सकाळी गाडी धडधाकट का असते आणि पाऊण तासाने आपोआप बरी का होते, त्याचं हे उत्तर. गॅरेजला येऊन नवा सेन्सर टाकला, १,१५० रुपये. जुना मुलाने बाकावर ठेवून त्यावर हीट गन धरली आणि मीटरच्या पिना लावल्या. ८७०, ८९०, ९३०, आणि एकदम ओपन. ताईंनी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, तिसऱ्या मेकॅनिकला दाखवायला. त्यानंतर तीन आठवडे झाले, गाडी रोज नौपाड्याला जाते आहे.

इतरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळ्याच गाड्यांत मीटरने ओहम मोजून चालत नाही. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर तो तसा मोजायचा नसतो. काही गाड्यांचा काटा चांगल्या तब्येतीतही सेल्फच्या वेळी हलत नाही. म्हणून आपली गाडी नीट चालू होत असताना एकदा काटा बघून ठेवा, सेल्फचा आवाज ऐकून ठेवा. निरोगी आवाज माहीत नसेल तर आजारी आवाज ओळखणार कसा?

सेल्फच्या आवाजाचं निघालंच आहे तर सांगतो. कॉम्प्रेशन असलेलं इंजिन सेल्फवर 'घुर्र-घुर्र-घुर्र' असं लयीत फिरतं, प्रत्येक दाबाला थोडं अडखळत. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटला की ती लय जाते आणि सेल्फ एकसुरी, नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरतो, शिलाई मशीन दोरा तुटल्यावर फिरते तसा. असा आवाज आला तर हात काढून घ्या. बऱ्याच इंजिनांत बेल्ट गेल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना धडकतात, आणि प्रत्येक सेल्फ म्हणजे खर्चात भर. आवाजाची खात्री नसेल तर एक करा. पुष्कळ गाड्यांत तेलाचं झाकण काढलं की आत कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, तुकडा दिसतो. लांबूनच बघत दुसऱ्याला एकच छोटा सेल्फ मारायला सांगितलं आणि कॅम हललाच नाही, तर टोइंगला फोन करा.

करंट बघायला प्लगची वायर हातात धरून बॉडीला टेकवायचे प्रयोग मात्र करू नका. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात, आणि शेजारी पेट्रोलची वाफ. तेवढं आमच्यासाठी ठेवा.

प्रश्न : गणपतीला गावी गेलो होतो, गाडी वीस दिवस सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती. आता सेल्फ फिरतो, एक सेकंद चालू होते आणि लगेच बंद. डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकतो. शेजारचे काका म्हणतात उंदराने वायर कुरतडली.
एक वाचक, नेरूळ

उत्तर : काकांना मान देऊन सांगतो, आधी चावी बघा. एक सेकंद चालू होऊन मरणं आणि चावीचा दिवा लुकलुकणं ही जोडी इमोबिलायझरची. चावीच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी लावायच्या जागेभोवती तारेचं कडं असतं, ते तिला जागं करून नाव विचारतं. नाव पटलं नाही तर गाडी तुम्हाला चोर समजून इंजिन बंद करते.

तुमच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची किंवा स्कूटरची चिपवाली चावी आहे का? दोन्ही एकदम बोलायला लागल्या की गाडीचा गोंधळ होतो. ती काढा. कपाटातली दुसरी चावी आणा आणि ती एकटीच लावून बघा. तिने चालू झाली तर पहिल्या चावीची चिप गेली, चावी नव्याने जोडून घ्यावी लागेल.

आणि बॅटरी मोजा. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वीस दिवसांत ती उतरली असेल तर सेल्फ फिरवण्यापुरती ताकद राहते, पण त्या भारावर व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं की कॉम्प्युटर गडबडतो आणि चावी ओळखणंही चुकतं. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत, असं धरून चालू नका.

उंदराचं म्हणाल तर नवी मुंबईतल्या बेसमेंटमध्ये काका निम्म्या वेळा बरोबरच असतात. बोनेट उघडून लेंड्या, कागदाचे कपटे, अर्धवट खाल्लेली पोळी दिसते का बघा. इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या बारीक वायरींवरून हात फिरवा. तंबाखूच्या पुड्या लटकवून उंदीर जातात की नाही यावर आमच्या गॅरेजात दोन तट आहेत. मी पुडी काढणाऱ्यांतला, कारण एकदा पुडीतच उंदराने घर केलेलं पाहिलंय.

प्रश्न : वॉचमनने गाडी धुण्यासाठी दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली. तेव्हापासून चालू होत नाही, पेट्रोलचा वास येतो. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबू का?
एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दाबा, पण अर्धवट नाही, पार जमिनीपर्यंत. थंड इंजिनात जादा पेट्रोल सोडलं जातं आणि ते जळायच्या आत तुम्ही बंद केली तर प्लग भिजतात. पाय पूर्ण दाबून सेल्फ मारला की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाऊन प्लग सुकायला लागतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. इंजिनाने उसासा टाकला की पाय हळूहळू सोडा. दोन-तीन खेपांत जमलं नाही तर प्लग काढून सुकवावे लागतील.

ढकलून बघू नका. सेल्फ फिरत असताना ढकलण्याला काही अर्थच नाही, जे काम सेल्फ करतोय तेच चार माणसं करणार. वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि त्याची किंमत ऐकून चारही जण पळून जातील. पुढच्या वेळी वॉचमनला सांगा, दहा फूट घेतलीस तरी दोन-तीन मिनिटं चालू ठेव. नाहीतर पाण्याची बादलीच दहा फूट हलव.

प्रश्न : जुलैच्या पावसात भरलेल्या पाण्यातून गाडी काढताना बंद पडली. पाणी बंपरच्या वर होतं. नवऱ्याने दोन-तीनदा सेल्फ मारला, पहिल्यांदा फिरला, मग अडकला. आता गाडी सोसायटीत उभी आहे. बॅटरी चार्ज करून पुन्हा मारून बघावा का?
एक वाचक, कळवा

उत्तर : नका मारू. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे कुणाला मोह होणार नाही.

हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना अडतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तरी जोर लावला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टरचं घर उघडून बघा. आतला कागद ओला असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. गाडी टो करून न्या. प्लग काढून आधी पाणी बाहेर घालवायचं, तेल तपासायचं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. नशीब चांगलं असेल तर पहिल्या सेल्फला फक्त पाणी हललं असेल.

विम्याचे कागद काढा आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोड कवच घेतलंय का ते बघा. साध्या पॉलिसीत पाण्यातल्या गाडीला सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साधारणपणे नाकारतात. वर सांगितलेलं काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवा आणि गाडी जशी आहे तशी त्यांच्या माणसाला दाखवा.

प्रश्न : सीएनजीवर गाडी चालवतो, टूर्सचं काम. काल सकाळपासून सेल्फ फिरतो पण पकडत नाही. काटा पाव टाकी पेट्रोल दाखवतो. चावी लावल्यावर पंपाचा आवाज येतो पण नेहमीपेक्षा चिरका. पंप बदलावा का?
एक चालक, ऐरोली

उत्तर : भाऊ, आधी पाच लिटर पेट्रोल टाका, मग पंपाचं बघू.

तुमच्यासारखे गॅसवर चालवणारे पेट्रोल भरायला विसरतात. काटा महिनोन्‌महिने एकाच जागी राहतो, आणि टाकीतला फ्लोट कधी कधी तिथेच चिकटून बसतो. खाली पेट्रोल संपलेलं असतं आणि वर काटा पाव टाकी सांगत असतो. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच गार राहतो. कोरडा फिरला की असा चिरका आवाज काढतो. चार दिवस असाच फिरवलात तर मात्र खरंच बदलावा लागेल. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. तळाशी तीन-चार लिटर सहा महिने सडवण्यापेक्षा दर महिन्याला थोडं ताजं टाकत जा आणि आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टरही मोकळे राहतील. पेट्रोल टाकल्यावर लगेच सेल्फ नको. चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबा, म्हणजे पाइपात पेट्रोल चढेल.

तुमच्या किटला थेट गॅसवर चालू करायची सोय असेल तर पुस्तिकेत बघून तसं करून पाहा. गॅसवर लगेच पकडली तर करंट, सेन्सर, कॉम्प्रेशन सगळं ठीक, दुखणं पेट्रोलच्या बाजूलाच आहे हे फुकटात कळेल.

हे उत्तर मी इतक्या खात्रीने देतो त्याला कारण आहे. सतरा वर्षांचा होतो, नौपाड्यातल्या एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली. काळी-पिवळी फियाट आली, सेल्फ फिरतो, पकडत नाही. उस्ताद बाहेर गेले होते. मी पॉइंट घासले, प्लग बदलले, कार्बोरेटर उतरवून अख्खा धुतला, जोडला. दुपारचे तीन वाजले. टॅक्सीवाला बाकावर झोपलेला. उस्ताद आले, माझ्याकडे न बघता डिकीकडे गेले, वाकले आणि टाकीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक केलं. रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला. काटा अर्ध्यावर होता.

उस्तादांनी मला काही म्हटलं नाही. डबा उघडला, चपातीचा घास घेतला आणि माझ्या हातात पाच लिटरचा कॅन दिला. पेट्रोल पंप तीन हात नाक्याला होता, आणि सायकल पंक्चर.